रायपूरकरांचं मूळ गाव

प्रश्न : आमचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत छत्तीसगढात आले, एवढंच आजोबा सांगत. मूळ गाव आणि पणजोबांच्या मागची नावं कुठे सापडतील?
– एक वाचक, रायपूर

उत्तर : आधी माळ्यावरची ट्रंक उघडा. मोडीतले कागद रद्दीत देऊ नका. कुलदैवत कुठलं, हेही थोरल्या आत्याबाईंना विचारून ठेवा. मूळ मुलुखाचा अंदाज त्यावरून येतो.

मग नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांना गाठा. आडनाव-गाव सांगितलं की ते वही काढतात. पूर्वज श्राद्धाला आले असतील तर त्यांच्याच हातची ओळ, भावांची-मुलांची नावं, कधी ‘हल्ली वस्ती रायपूर’ असंही सापडतं. बायकांची नावं क्वचितच. ती खोड जुनी.

1818पर्यंत छत्तीसगढचा कारभार रतनपुरातून चाले, तेव्हा तिथेही चौकशी करा. 1854मध्ये भोसल्यांचं नागपूरचं राज्य खालसा झालं आणि 1860च्या दशकातल्या जमीन-महसुलाच्या बंदोबस्तात मालगुजारांना, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्यांना, मालकीहक्क मिळाले. घरात मालगुजारी असेल तर गाव-तहसील सांगून जिल्हा अभिलेखागारात त्या गावची मिसल, म्हणजे बंदोबस्ताची कागदपत्रं, मागा.

जनगणनेच्या मागे मात्र लागू नका. स्कॉटलंडमधल्या खेडुतालाही 1841पासूनच्या घरवार याद्या मिळतात. आपल्याकडे त्या काळचे आकडे उरले, माणसांची नावं नाहीत.