बसमार्गिका, सायकलस्वार आणि पादचारी

शहरातील रस्त्याचा एक पट्टा बससाठी राखून ठेवला की बसचा वेग वाढतो, हे उघड आहे. परंतु त्या पट्ट्यातून सायकलस्वारास जाऊ द्यावे काय आणि प्रवाशाने थांब्यापर्यंत सुरक्षित कसे पोहोचावे, या प्रश्नांची उत्तरे पट्टा रस्त्याच्या कडेला आहे की मध्यभागी, यावर अवलंबून असतात.

लंडनमध्ये बहुतेक बसमार्गिका कडेला असून त्यांतील बहुसंख्य मार्गिकांत सायकलींना मुभा आहे. तेथे प्रश्न उरतो तो रुंदीचा. मार्गिका साडेचार मीटर असल्यास बस सायकलस्वारास पुरेसे अंतर राखून ओलांडू शकते. साडेतीन मीटरची मार्गिका मात्र फसवी ठरते. बसच अडीच मीटर रुंद, म्हणजे सायकलस्वाराच्या वाट्याला जेमतेम एक मीटर येतो.

एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ख्यातनाम असलेल्या पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर हा प्रायोगिक जलद बसमार्ग सुरू झाला. येथे बसमार्गिका मध्यभागी होती. अशा मार्गिकेत शिरण्यासाठी व बाहेर पडण्यासाठी सायकलस्वारास मोटारींचा प्रवाह छेदावा लागतो आणि आत कठड्यांमुळे बाजूला होण्यास वाव नसतो. म्हणून पदपथालगत स्वतंत्र सायकलमार्ग हाच योग्य उपाय होय. तो उभ्या वाहनांनी अडवला गेल्यास सायकलस्वार पुन्हा मुख्य रस्त्यावर येतो. त्याबद्दल त्यालाच दोष देणे न्यायाचे नव्हे.

मध्यभागी थांबा असला की प्रत्येक प्रवासी जाताना आणि येताना पादचारी म्हणून अर्धा रस्ता ओलांडतो. त्यातच समोर बस आलेली दिसली की पावले आपोआप धावू लागतात. साडेतीन मीटरच्या तीन मार्गिका म्हणजे साडेदहा मीटर. सेकंदाला १.२ मीटर या सर्वसाधारण गतीने हे अंतर सुमारे ९ सेकंदांत कापता येते, ०.८ मीटर गतीने चालणाऱ्या वृद्धास १३ सेकंद लागतात. दिवा ९ सेकंदांचाच ठेवला, तर तो सुटताना ती व्यक्ती शेवटच्या मार्गिकेच्या तोंडाशी उभी असते. भुयारी मार्गाच्या पायऱ्या अशांना झेपत नाहीत. पदपथाच्या पातळीला उचलून बांधलेले ओलांडणीचे पट्टे वाहनांचा वेगही आपसूक कमी करतात.

शहराच्या सीमेवरील गावांतून रस्तारुंदीकरण होताना हेच प्रश्न उद्भवतात. आराखडा समोर येईल त्या वेळी पंचायत सदस्यांनी ओलांडणीची जागा व दिव्याची सेकंदे विचारून घ्यावीत. रस्ता आधीच झालेला असल्यास शिक्षकांना विद्यार्थ्यांसह पदपथावर उभे राहून, वृद्धांना पलीकडे जाण्यास लागणारा वेळ घड्याळाने मोजता येईल.