मुद्दल तसेच राहू द्या : कारखान्यांच्या शहराशेजारची बौद्ध लेणी काय शिकवतात

साधकांकडून एक वाक्य वारंवार ऐकायला मिळते. "आमच्या शहरात कुठली आली शांती? भोंगे, ट्रक, शिफ्टची धावपळ. निवृत्त झालो की एखाद्या डोंगरावर जाऊ आणि निवांत ध्यान करू." बंगळुरूच्या पीण्यामध्ये नोकरी करणारे मराठी कुटुंब असो, की नाशिकच्या सातपूर-अंबडमधले, अडचण एकच असते. कमाईची जागा वेगळी आणि साधनेची जागा वेगळी, अशी वाटणी आपण मनातल्या मनात करून ठेवलेली असते.

ही वाटणी खरी आहे का, हे तपासायचे असेल तर एखाद्या सुट्टीच्या दिवशी आपल्या शहराजवळचे प्राचीन बौद्ध स्थळ पाहून या. पण सहलीला जातो तसे जाऊ नका. ते कोणी उभे केले, कशावर चालले, हे विचारत जा. उत्तर बहुधा असे मिळेल की, ज्यांनी दिवसभर घाम गाळला त्यांच्याच कमाईवर ही शांत ठिकाणे टिकली.

बंगळुरूच्या उत्तरेला

बंगळुरूच्या उत्तरेला दोड्डबळ्ळापूर आहे. रेशमी साड्या विणणारे यंत्रमाग, कपड्यांचे कारखाने आणि औद्योगिक वसाहत ही त्याची आजची ओळख. याच तालुक्यात राजघट्ट नावाचे गाव आहे. २००१ आणि २००४ मध्ये म्हैसूर विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा एका बौद्ध चैत्याचे आणि विहाराचे अवशेष उजेडात आले. सोबत मातीचे छोटे छोटे स्तूपही मोठ्या संख्येने मिळाले. भाविकांनी ते अर्पण केले होते.

या मातीच्या स्तूपांवर क्षणभर थांबा. दगडाचा स्तूप उभारायला धनिक लागतो. हातात मावेल असा मातीचा स्तूप कोणालाही अर्पण करता येतो. राजघट्टला पूजा करणाऱ्यांची गर्दी कशी असेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

चीनमधले एक उदाहरण

असे शेजारपण जगात इतरत्रही आहे. चीनच्या शांक्षी प्रांतातले दातोंग हे कोळशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध शहर आहे. त्याच्या पश्चिमेला युनगांग लेणी आहेत. पाचव्या शतकात, उत्तर वेई राजवटीत, तानयाओ नावाच्या भिक्षूच्या देखरेखीखाली तिथे बुद्धाच्या प्रचंड मूर्ती कोरायला सुरुवात झाली. आपल्या काळात कोळशाचे ट्रक या लेण्यांसमोरच्या रस्त्यावरून जात आणि काळी धूळ मूर्तींवर बसे. पुढे ती वाहतूक लेण्यांपासून दूर वळवण्यात आली. कोळसा निघत राहिला आणि मूर्तींनाही मोकळा श्वास मिळाला. शेजाऱ्यासाठी थोडे बाजूला सरकणे एवढ्या मोठ्या उद्योगालाही जमते.

पण कष्टकऱ्यांचे शहर आणि साधकांचा डोंगर यांचा व्यवहार नेमका कसा चालत होता? तो आकड्यांसह दगडावर लिहून ठेवलेला पाहायचा असेल, तर आपल्याला नाशिकला जायला हवे.

त्रिरश्मी डोंगर

नाशिक शहराच्या नैर्ऋत्येला, मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगर आहे. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात. शिलालेखांत त्याचे नाव 'तिरण्हु' असे येते. पायऱ्या चढून वर गेलात की एका ओळीत २४ लेणी दिसतात. त्यांतले १८ क्रमांकाचे चैत्यगृह आहे, बाकी बहुतेक भिक्षूंच्या निवासासाठी कोरलेले विहार आहेत. वरून पाहिले तर खाली महामार्गाची वाहतूक आणि वाढत चाललेले शहर. अंबडची औद्योगिक वसाहत इथून फार लांब नाही.

ही लेणी कोरली गेली तेव्हाही खालचे जग गजबजलेलेच होते. गोवर्धन हे तेव्हाचे महत्त्वाचे ठाणे. आज त्याच नावाचे गाव नाशिकजवळ आहे. घाटातून किनाऱ्याकडे जाणारा व्यापार इथून चाले. दान देणाऱ्यांची नावे वाचली तर त्यांत सातवाहन राजे आहेत, राजघराण्यातल्या स्त्रिया आहेत, उत्तरेकडून आलेला इंद्राग्निदत्त नावाचा यवन आहे, लेखनिक आहे. चैत्यगृहाच्या दर्शनी भागाचे श्रेय धंभिक गावच्या गावकऱ्यांना दिलेले आहे. आठव्या लेण्यात मुगुदास नावाच्या उपासकाचा लेख आहे आणि तो व्यवसायाने कोळी होता, असा त्यातल्या शब्दाचा अर्थ अभ्यासक लावतात.

दगडावर लिहिलेला हिशेब

दहाव्या लेण्याला नहपानाचा विहार म्हणतात. तो कोरून घेतला क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने, सुमारे १९०० वर्षांपूर्वी. विहारात भिक्षूंसाठी १६ खोल्या आहेत. लेणे देऊन उषवदात थांबला नाही. इथे राहणाऱ्यांना दरवर्षी वस्त्र कोठून मिळणार, याचीही त्याने सोय केली.

त्याने ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातल्या कारागिरांची संघटना. त्यांतले २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा १ या व्याजाने. उरलेले १००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. लेखात स्पष्ट म्हटले आहे की ही रक्कम परत द्यायची नाही, फक्त तिचे व्याज वापरायचे. विहारात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी मिळावेत, ही तरतूद.

आता हिशेब करून पाहा. २००० वर शेकडा १ म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि २० भिक्षूंना प्रत्येकी १२ म्हणजे २४०. एकही कार्षापण कमी नाही, एकही जास्त नाही. ही सगळी व्यवस्था निगमसभेत जाहीर करून, रिवाजाप्रमाणे नोंदवून ठेवली होती, असेही लेख सांगतो.

म्हणजे खाली विणकर मागावर बसत, त्यांच्या धंद्यातून व्याज निघे आणि त्या व्याजावर डोंगरातल्या वीस जणांच्या अंगावर वस्त्र येई. कोणी कोणाचे काम सोडले नव्हते.

आजाऱ्यांसाठी औषध

याच परिसरात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला आणखी एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने गोवर्धनमधल्या श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली. त्या श्रेणींत पाण्याची यंत्रे बनवणारे आहेत, तेली आहेत. उद्देश एकच : त्रिरश्मीवर राहणाऱ्या भिक्षुसंघात कोणी आजारी पडला तर त्याला औषध मिळावे.

या दानात भव्य काही नाही. आजारी माणसाला औषध लागते, आणि ते वेळेवर लागते. विष्णुदत्तेने नेमकी तेवढीच गरज ओळखली. सेवेची सुरुवात अशा बारीक पाहण्यातून होते.

न पिकलेले शेत

तिसऱ्या लेण्यातली गोष्ट तर प्रत्येक सेवा करणाऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. राजा गौतमीपुत्र सातकर्णीने डोंगरावरच्या भिक्षूंना एक शेत दान दिले होते. काही वर्षांनी कळले की ते गाव ओस आहे आणि शेत कोणी कसत नाही. दान कागदोपत्री पूर्ण, पण भिक्षूंच्या पदरात काही नाही. तेव्हा राजाने, आईसह, नवी आज्ञा दिली आणि नगराच्या हद्दीवरच्या राजाच्या जमिनीतून १०० निवर्तने दिली. पहिले दान निष्फळ ठरले, हेही त्या आज्ञेत नमूद आहे आणि ते दगडावर कोरले गेले.

आपण एखाद्या शाळेला संगणक देतो, वस्तीत झाडे लावतो, फोटो काढतो. वर्षभराने तिकडे परत जातो का? शेत कसले जाते आहे का, हे पाहणे हाही दानाचाच भाग आहे.

जाल तेव्हा कसे पाहाल?

• निघण्यापूर्वी उघडण्याच्या वेळा पाहून घ्या. सकाळी लवकर गेलात तर ऊनही कमी आणि गर्दीही कमी. पाणी सोबत ठेवा. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, चपलांऐवजी पकड असलेले बूट घाला.

• हे आजही श्रद्धेचे स्थान आहे. पायथ्याशी बुद्धविहार आहे आणि अनेक कुटुंबे इथे वंदनेला येतात. कोणी वंदना करत असेल तर बाजूला शांत उभे राहा. आपल्या परंपरेचे अर्थ इथल्या मूर्तींवर चिकटवण्याची घाई करू नका. इथला धम्म आधी त्याच्याच शब्दांत समजून घ्या.

• तिसऱ्या लेण्याच्या दर्शनी भागात खाली पाहा. सहा गण खांद्यावर तुळया पेलून उभे आहेत. सगळा विहार जणू त्यांच्या बळावर उभा आहे. तुमच्या घराचा, तुमच्या संस्थेचा भार असा खालून कोण पेलतो आहे, ते आठवा.

• दहाव्या लेण्याच्या ओसरीत भिंतीवर वरच्या बाजूला उषवदाताचे लेख आहेत. लिपी वाचता आली नाही तरी दोन मिनिटे त्या ओळींकडे पाहा. अक्षरांना हात लावू नका, खडू किंवा पाणी तर मुळीच नको. मुलांना वर केलेला हिशेब तिथेच करायला सांगा.

• अकराव्या लेण्यात जैन मूर्ती दिसतील, काही विहारांत नंतरच्या काळातल्या बुद्धमूर्ती दिसतील. एकाच डोंगराने वेगवेगळ्या साधकांना आसरा दिला आहे.

• चैत्यगृहात स्तूपासमोर थोडा वेळ बसा. आवाज घुमतो का हे पाहण्यासाठी ओरडू नका. डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या. महामार्गाचा आवाज आला तर येऊ द्या. त्याला थांबवण्याचा प्रयत्न न करता बसता येते, हे इथे चांगले शिकता येते.

• उतरण्याआधी एकदा वळून शहराकडे पाहा. तुमचे घर, तुमचा कारखाना, तुमचे कार्यालय त्याच दिशेला कुठेतरी असेल.

घरी काय आणाल?

या डोंगरावरून दोन शब्द सोबत न्या : मुद्दल आणि व्याज.

आपल्या दिवसातला थोडा वेळ मुद्दल म्हणून बाजूला काढा. वीस मिनिटे पुरेत. पहिल्या शिफ्टला जाण्याआधी किंवा रात्रपाळीहून आल्यावर, पण ठरलेली. पाहुणे आले, काम वाढले, मूड नाही, तरी या वीस मिनिटांना हात लावायचा नाही. त्यातून जे मिळेल, म्हणजे थोडा धीर, कमी चिडचिड, समोरच्याचे ऐकून घेण्याची तयारी, ते व्याज. ते मात्र साठवून ठेवू नका, घरात आणि कामावर रोज खर्च करा. मुद्दल शाबूत असेल तर व्याज पुढच्या महिन्यात पुन्हा येते.

पैशाचेही तसेच करून पाहा. एकदाच मोठी देणगी देऊन विसरण्यापेक्षा दरमहा लहानशी ठरलेली रक्कम, एका नेमक्या गरजेसाठी काढा. एखाद्या वृद्धाची औषधे, एखाद्या मुलीच्या बसचा पास. उषवदाताने सभेत नोंद केली होती, तुम्ही घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा, म्हणजे खंड पडला तर कोणीतरी विचारेल. आणि वर्षाने स्वतः जाऊन पाहा, शेत पिकते आहे का.

बौद्ध परंपरेत वर्षावास तीन महिन्यांचा असतो. त्या काळात भिक्षू एका जागी राहतात. आपल्याला तीन महिने घर सोडता येणार नाही, पण येत्या आषाढापासून तीन महिने रोजची वीस मिनिटे न चुकता सांभाळता येतील. त्यासाठी निवृत्तीची वाट पाहण्याची गरज नाही. त्रिरश्मीच्या पायथ्याच्या विणकरांनीही तशी वाट पाहिली नव्हती. त्यांचा माग चालू होता, म्हणूनच वरच्या भिक्षूंना वस्त्र मिळत होते.