संत निकोलस आणि खिडकीतून पडलेली थैली

(शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी पाठ)

शास्त्रपाठ : मत्तय ६:१-४, प्रेषितांची कृत्ये २७:१-६

डिसेंबर लागला, वैनगंगेवरून गार वारा येऊ लागला व खळ्यांतील धानाची मळणी उरकत आली, की आपल्या बालाघाटच्या मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "सर, यंदा सांताक्लॉज कोण होणार?" मग कोणाची तरी लाल झूल, कापसाची दाढी, खाऊचे गाठोडे व घंटी यांची शोधाशोध सुरू होते. हा म्हातारा कोण व आला कोठून, हे मात्र आपण शिक्षकसुद्धा क्वचितच विचारतो. मागे एका लहान मुलीने आम्हांला विचारले, "बायबलात तो कोठे आहे?" तो बायबलात नाही, हे आम्ही तिला सांगितले. पण त्याचे गाव आहे, हे त्या वेळी आमच्या लक्षात आले नाही.

प्रेषित पौलाला कैदी म्हणून रोमला नेत असता लुक्या प्रांतातील मुर्या बंदरात शताधिपतीने त्याला दुसऱ्या तारवावर चढविले. हे मुर्या म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील देम्रे गाव. पौलानंतर अडीचशे वर्षांनी, चौथ्या शतकाच्या आरंभी, तेथील मंडळीचा बिशप निकोलस नावाचा मनुष्य होता. त्याचा जन्म जवळच्याच पातरा येथे झाला असे परंपरा सांगते; पातऱ्याचा उल्लेखही प्रेषितांच्या कृत्यांत आहे (२१:१). ६ डिसेंबर हा त्याचा मृत्युदिन मानतात व वर्ष साधारणपणे ३४३ धरतात. आपल्या देशात ६ डिसेंबर म्हटले की सन १९५६ मधील डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण आठवते व दादरकडे जाणाऱ्या गाड्या भरून वाहतात. त्यामुळे पाश्चात्य देशांत हा मुलांचा सण आहे हे आपल्या फारसे कानावर येत नाही. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तो पाळण्याची चालही नाही.

निकोलसाने स्वतः लिहिलेले काही उरलेले नाही. सहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपल येथे त्याच्या नावाने मंदिर होते, एवढी त्याची कीर्ती त्या वेळेपर्यंत पसरली होती. सन ३२५ च्या नायसिया येथील सभेस तो हजर होता की नाही याविषयी जुन्या याद्यांत एकमत नाही. त्या सभेत त्याने पाखंडी अरियसाच्या थोबाडीत मारली ही गोष्ट तर हजार वर्षांनंतर लिहिलेली आहे, ती वर्गात सांगू नये. (मुलांना मात्र तीच सर्वांत आवडते!) त्याच्याविषयीची सर्वांत जुनी कथा तीन निरपराध माणसांची आहे. अधिकाऱ्याने लाच खाऊन त्यांना देहान्त शिक्षा फर्माविली असता निकोलस धावत गेला व त्याने मारेकऱ्याच्या हातची तलवार धरली.

मुलांचा सण ज्या कथेमुळे रुजला ती निराळी. ती आपल्याला नवव्या शतकात लिहिलेल्या त्याच्या चरित्रात सापडते, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर सुमारे पाचशे वर्षांनी. ती शास्त्रवचन नव्हे, हे शिक्षकाने आधीच स्पष्ट सांगावे. एक सधन गृहस्थ दरिद्री झाला. त्याला तीन उपवर मुली होत्या, पण हुंडा द्यायला पैसा नव्हता, आणि हुंड्यावाचून कोणी त्यांना करून घेईना. शेवटी पोटासाठी मुलींना विकण्याची पाळी आली. निकोलसाच्या कानी हे गेले. रात्री घर निजल्यावर त्याने खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली व निघून गेला. थोरलीचे लग्न झाले. दुसरीसाठी पुन्हा तसेच. तिसऱ्या वेळी बाप जागा राहिला, धावत जाऊन त्याने निकोलसाला गाठले व पाय धरले. तेव्हा निकोलसाने त्याच्याकडून वचन घेतले की, मी जिवंत असेपर्यंत हे कोणाला सांगू नकोस.

पाश्चात्य शिक्षकाला येथे थांबून 'हुंडा' म्हणजे काय ते मुलांना समजावून द्यावे लागते. आपल्याला ती गरज नाही, ही आपली लाज आहे. हुंडाबंदीचा कायदा सन १९६१ चा आहे. तरीही ख्रिस्ती घरांतून 'आम्ही काही मागत नाही, मुलीला जे द्यायचे ते तुम्हीच ठरवा' अशा गोड शब्दांत तोच व्यवहार चालताना आम्ही पाहिला आहे. मोठ्या मुलामुलींच्या वर्गात ही गोष्ट सांगून तेथेच सोडू नये. त्या बापाच्या दारी आलेल्या वरपक्षाविषयी कथा काहीच बोलत नाही. ते कोण असतील, काय म्हणाले असतील, हे मुलांनाच विचारावे.

पण रात्री का? दिवसा, चारचौघांत थैली दिली असती तरी लग्ने झालीच असती. येथे आम्हांला आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी नाताळाच्या कार्यक्रमात गरजू मुलांना स्वेटर वाटायचे होते. आम्ही व्यासपीठावरून यादी वाचली : आधी देणाऱ्यांची नावे, मग घेणाऱ्यांची. दहाएक वर्षांच्या एका मुलाचे नाव आम्ही तीनदा पुकारले. तो आईच्या पदराआड तोंड लपवून बसून राहिला. स्वेटर आम्ही नंतर घरी पोचता केला. पुढच्या शब्बाथी त्याची धाकटी बहीण तो नीट घडी करून परत घेऊन आली. तो मुलगा पुन्हा आमच्या वर्गात बसला नाही. प्रभूने मत्तय ६ मध्ये उजव्या व डाव्या हाताविषयी जे सांगितले ते आम्ही कितीदा तरी शिकविले होते. उपदेश देणाऱ्याच्या अहंकारावर आहे एवढेच आम्हांला समजले होते. घेणाऱ्याची लाज त्यात राखली जाते हे त्या घडी केलेल्या स्वेटराने शिकविले.

आता सणाच्या चालीरीती पाहू. सन १०८७ मध्ये इटलीतील बारी शहराच्या खलाशांनी निकोलसाच्या अस्थी मुर्याहून उचलून नेल्या, व तेव्हापासून पश्चिम युरोपात त्याचे माहात्म्य फार वाढले. हॉलंडात ५ डिसेंबरच्या सायंकाळी त्याचा सण होतो. मुले चुलीपाशी जोडा ठेवतात, त्यात त्याच्या घोड्यासाठी गाजर किंवा गवत घालतात व सकाळी तेथे खाऊ मिळतो. पाश्चात्य देशांत या दिवसांत सोनेरी कागदातील चॉकलेटची नाणी व संत्री देतात, त्यांचा संबंध त्याच सोन्याच्या थैल्यांशी लावतात. पण चालीला दुसरी बाजूही होती : खोडकर मुलाच्या जोड्यात छडी निघे. यान स्टीन या डच चित्रकाराचे सतराव्या शतकातील या सणाचे चित्र ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयात आहे. त्यात लहान मुलगी बाहुली कवटाळून उभी आहे, थोरला मुलगा रडत आहे, कारण जोड्यात छडी निघाली, आणि भावंडे हसत आहेत. मात्र मागे पडद्याआड आजी त्याला हळूच बोटाने खुणावीत आहे. तिने काहीतरी लपवून ठेवले असावे. त्या चित्रातील खरा निकोलस ती आजीच, असे आमचे मत आहे.

संतांचे सण धर्मसुधारकांना मान्य नव्हते. जर्मनीतील प्रॉटेस्टंट घरांत भेटींचा दिवस हळूहळू नाताळाकडे सरकला व देणारा 'ख्रिस्तबालक' झाला. हॉलंडात अधिकाऱ्यांनी बंदी घालून पाहिली, लोकांनी मानली नाही. डच लोक त्याला 'सिंटरक्लास' म्हणतात. न्यूयॉर्क ही मूळ त्यांची वसाहत. तेथे त्या नावाचे 'सांताक्लॉज' झाले. सन १८२३ मध्ये छापलेल्या एका इंग्रजी कवितेने त्याला हरणांची गाडी दिली व सन १८६३ पासून टॉमस नास्ट या चित्रकाराने त्याला गुबगुबीत देह दिला. बिशपाची टोपी गेली, थैलीचे पोते झाले, आणि गुपचूप येणारा मनुष्य घंटी वाजवीत येऊ लागला.

आपण निकोलसाची प्रार्थना करीत नाही, पण इब्री १३:७ प्रमाणे मंडळीच्या पुढाऱ्यांची आठवण ठेवण्यास कोणाचा विरोध नसावा. ६ डिसेंबरच्या आधीच्या शब्बाथी हा पाठ घ्यावा. लहान वर्गासाठी पिवळ्या कागदात चिंचोके बांधून तीन पुरचुंड्या कराव्या व गोष्ट सांगता सांगता एकेक खिडकीतून आत टाकावी. लाल झुलीचा सांताक्लॉज बंद करा असे आम्ही म्हणत नाही. त्याने सर्व मुलांना सारखा खाऊ द्यावा, नाचावे, हसवावे. कपडे, वह्या, फीचे पैसे मात्र त्याच्या गाठोड्यात नसावेत. त्यांची यादी एकाच विश्वासू व्यक्तीजवळ असावी व काम झाल्यावर ती फाडून टाकावी. आम्ही पहिल्या वर्षी रात्री दहा वाजता निघालो, तेव्हा गल्लीतील सगळी कुत्री मागे लागली व घरोघरी दिवे लागले. आता घरची मंडळी सायंकाळच्या प्रार्थनासभेस गेलेली असतात तेव्हा पिशवी दाराच्या कडीला अडकवितो; उंच बांधावी लागते, खाली शेळ्या असतात.