काळ्या मातीत बर ओक: लागवड आत्ता करा

ऑक्टोबर लागला की टेक्सासमध्ये झाडं लावायचे दिवस येतात. उन्हाचा तडाखा ओसरतो, जमिनीत ऊब असते आणि पुढच्या उन्हाळ्याआधी मुळांना पसरायला सवड मिळते. डॅलसपासून सॅन अँटोनिओपर्यंतच्या ब्लॅकलँड प्रेअरी पट्ट्यात ज्यांची घरं आहेत, त्यांच्यातल्या विदर्भ-मराठवाड्याकडच्या मंडळींना माती ओळखीची वाटेल: पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी काळी चिकण माती.

नर्सरीवाले सहसा लाइव्ह ओक पुढे करतात. तो बारमाही हिरवा, खरा. पण शेजारच्या लाइव्ह ओकशी त्याची मुळं जोडली जातात आणि ओक विल्टची बुरशी त्या वाटेनं एकामागून एक झाडं वाळवत जाते. पिन ओक तर इथं लावूच नका. इथल्या चुनखडीयुक्त मातीत त्याला लोह मिळत नाही. शिरा हिरव्या राहतात आणि पान पिवळं पडतं. बर ओक या मातीतलाच. ओक विल्टला तो सहजी बळी पडत नाही, दुष्काळ सोसतो आणि हिवाळ्यात पानं गाळून घरात ऊन येऊ देतो. वाढ सावकाश, पण विस्तार मोठा. म्हणून घराच्या पश्चिमेला, भिंतीपासून निदान 30 फूट लांब आणि विजेच्या तारा टाळून जागा निवडा.

रोपापेक्षा बी लावलेलं मला जास्त पटतं, कारण सोटमूळ पहिल्यापासून सरळ खोल जातं. झालरीच्या टोपीतलं हे बी अमेरिकेतल्या देशी ओकांमध्ये सर्वांत मोठं. ताजं बी पाण्यात टाका. तरंगेल ते फेका. बारीक गोल भोक दिसलं तर आतला गर किडीनं खाल्लेला असतो. बी वाळू न देता, आडवं, इंच-दीड इंच खोल पुरा आणि वर तारेची जाळी ठोका, नाहीतर खार बघता बघता उकरून नेते.

रोप आणलंत तर खड्डा रुंद घ्या, खोल नको. बुंधा जिथं मुळांकडे रुंदावतो तो भाग जमिनीच्या वर दिसलाच पाहिजे. गोल फिरलेली मुळं कापा. खड्ड्यात खत-पीट भरू नका. चिकण मातीतला असा खड्डा हौदासारखा तुंबतो आणि मुळं कुजतात. निघालेली मातीच परत भरा. पहिले दोन उन्हाळे वरची माती सुकली की सावकाश, खोलवर पाणी द्या. हरणांचा वावर असेल तर भोवती पिंजरा लावा.

गळलेली पानं झाडाखालीच राहू द्या. ओकवर जगणाऱ्या कितीतरी पतंगांच्या अळ्या त्या पाचोळ्यात कोष करतात, आणि चिकाडीसारखे पक्षी पिल्लांना अळ्याच भरवतात. अळ्यांनी पानं थोडी कुरतडली म्हणून फवारणी करू नका.

फेब्रुवारी ते जून छाटणी पूर्ण बंद. वसंतात दारावर येऊन फांद्या कापून देतो म्हणणाऱ्याला परत पाठवा. वादळानं फांदी मोडलीच तर महिना कोणताही असो, जखमेवर लगेच रंग लावा. ओक विल्टची बुरशी वाहणारे भुंगेरे ताज्या रसाच्या वासावर येतात.