धावण्याचे पदक आणि आयआयटीचे दार

प्रश्न : मुलगी बारावी विज्ञान शाखेत असून तिला धावण्याच्या शर्यतीत राज्यस्तरीय पदक मिळाले आहे. नामांकित महाविद्यालयात प्रवेशासाठी त्याचा उपयोग होईल का? (एक पालक, नागभीड)

उत्तर : उपयोग होतो, परंतु खेळ अभ्यासाची जागा घेत नाही. मद्रास आयआयटीने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात २ अधिसंख्य जागा, म्हणजे मंजूर जागांव्यतिरिक्त निर्माण केलेल्या जागा, ठेवल्या असून त्यांपैकी १ मुलींसाठी आहे. मात्र उमेदवाराचे नाव जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत असावे लागते आणि गेल्या ४ वर्षांत राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत किमान एक पदक मिळालेले असावे लागते. येथे राज्यस्तरीय पदक अपुरे पडते, ही गोष्ट आताच स्पष्ट झालेली बरी. दिल्ली विद्यापीठाच्या क्रीडा कोट्यातही प्रवेश परीक्षा सुटत नाही. त्या परीक्षेतील गुणांबरोबर प्रमाणपत्रे व मैदानावरील चाचणी विचारात घेतली जाते.

राज्य मंडळाच्या परीक्षेतील सवलतीच्या क्रीडा गुणांचा प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत जातो, म्हणून स्पर्धेचा स्तर, तारीख आणि नावाचे स्पेलिंग प्रमाणपत्रावर अचूक आहे का, हे आजच तपासावे. तुमच्या ज्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांनी २०१८ मध्ये ‘मिशन शौर्य’ या गिर्यारोहण मोहिमेअंतर्गत एव्हरेस्ट सर केले, तेथे दमसासाची वाण नाही, उणीव आहे ती राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत नेणाऱ्या प्रशिक्षणाची आणि वेळेवर मिळणाऱ्या माहितीची, आणि तिची भरपाई एकट्या पालकांवर सोडणे अन्यायाचे आहे.