जुन्या गाडीचे ऑइल : इंजिनाचे वेगळे, डिफरन्शियलचे वेगळे

गारखेडा परिसरातील छोट्या गॅरेजमध्ये आजही अधूनमधून एखादी ॲम्बॅसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी येऊन उभी राहते. कुर्ल्याची पद्मिनी २००० च्या सुमारास बंद झाली, उत्तरपाड्याची ॲम्बॅसेडर २०१४ साली. कुणाकडे ती वडिलांची आठवण म्हणून असते, तर कुणी ती लग्नाच्या वरातीसाठी भाड्याने देऊन चार पैसे मिळवतो. असा ग्राहक बहुधा एकच वाक्य बोलतो, "मिस्त्री, गाडी जुनी आहे, जरा जाड ऑइल टाका." या एका वाक्याने अनेक इंजिने आणि क्राऊन-पिनियन वाया गेले आहेत. म्हणून आमच्या गॅरेजवाल्या आणि ऑइल विकणाऱ्या बांधवांसाठी हा विषय घेत आहोत.

प्रथम डब्यावरील आकडे पाहू. २०डब्ल्यू-५० यातील पहिला आकडा थंड ऑइलची वाहण्याची क्षमता सांगतो, तर दुसरा १०० अंश सेल्सिअसला ते किती घट्ट राहते हे सांगतो. आपल्या शहरात थंडी कितीही पडली तरी पाणी गोठत नाही, उन्हाळ्यात मात्र पारा चाळिशी ओलांडतो. त्यामुळे या जुन्या पेट्रोल इंजिनांना २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० हे साधे मिनरल ऑइल मानवते. महाग म्हणून ५डब्ल्यू-३० सिंथेटिक भरले, तर झिजलेल्या बेअरिंगमध्ये गरम झाल्यावर दाब कमी पडतो आणि जुन्या सीलमधून गळती सुरू होते.

दुसरी खूण वर्गाची. एपीआयच्या खुणेत 'एस' म्हणजे पेट्रोल, 'सी' म्हणजे डिझेल. नवा वर्ग नेहमीच जुन्या गाडीला चांगला, असे मात्र नाही. ॲम्बॅसेडरचे १४८९ सीसी आणि पद्मिनीचे १०८९ सीसी इंजिन पुशरॉडचे. त्यांचा कॅम टॅपेटवर घासत फिरतो. ही झीज ऑइलमधील जस्त-फॉस्फरसाचे मिश्रण रोखते. नव्या गाड्यांचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून २००४ पासूनच्या वर्गांत पातळ ग्रेडच्या ऑइलमधील फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. २०डब्ल्यू-५० सारख्या घट्ट ग्रेडला ती लागू नाही. जुन्या गाडीत ५डब्ल्यू-३० न भरण्याचे हे दुसरे कारण.

आता डिफरन्शियलकडे वळू. त्यात ९० नंबरचे ऑइल लागते, म्हणजे ते इंजिनच्या ५० पेक्षा जवळजवळ दुप्पट जाड, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे. दोन्हींची मोजपट्टी वेगळी. गरम असताना ९० नंबरचे गिअर ऑइल इंजिनच्या ४० ते ५० इतकेच घट्ट असते. खरा फरक आहे तो मिसळलेल्या रसायनांत. या गाड्यांच्या मागच्या ॲक्सलमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेखाली बसतो, म्हणून दात नुसते फिरत नाहीत, एकमेकांवर घसरतातही. दौलताबादचा किंवा कन्नडचा घाट चढताना त्या दाबाखाली साधा थर टिकत नाही. तेथे गंधक-फॉस्फरसयुक्त ईपी ऑइलच हवे. डब्यावर ईपी ९० किंवा ८०डब्ल्यू-९० आणि जीएल-५ पाहावे. इंजिनचे ऑइल तेथे भरल्यास क्राऊन-पिनियन आवाज करू लागतो आणि लवकरच निकामी होतो.

मग तेच जीएल-५ गिअरबॉक्समध्येही ओतावे का? नाही. त्यातील जास्त रसायने पितळेच्या सिंक्रो रिंगला मानवत नाहीत. गिअरबॉक्ससाठी गाडीच्या पुस्तिकेत जे सांगितले असेल तेच भरावे.

कामाच्या चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. डिफरन्शियलचे ऑइल काढण्यापूर्वी भरण्याचे बूच उघडून पाहावे. ते जाम असेल तर रिकामा डिफरन्शियल घेऊन बसण्याची वेळ येते. ऑइल त्या भोकाच्या कडेपर्यंत भरावे, जास्त नको. ब्रीदर साफ करावा. तो तुंबला की आत दाब वाढून ऑइल सीलमधून मागच्या ब्रेक ड्रममध्ये उतरते. मग प्रश्न ऑइलचा राहत नाही, माणसांच्या जिवाचा होतो. चौथी गोष्ट, वर्षानुवर्षे न बदललेल्या इंजिनात नवे ऑइल साचलेला मळ सोडवते, म्हणून पहिल्या वेळी ५०० ते १००० किलोमीटरवरच ऑइल व फिल्टर पुन्हा बदलावे.

निळा धूर निघत असेल तर दोष रिंगचा किंवा व्हॉल्व्हच्या सीलचा. जाड ऑइल भरून तो झाकतो, बरा होत नाही. ग्राहकाला हे स्पष्ट सांगावे, मग त्या दिवशी विक्री कमी झाली तरी चालेल. रिकाम्या डब्याला भोक पाडूनच तो भंगारात द्यावा, नाहीतर त्यातच नकली माल भरून येतो. काढलेले ऑइल नाल्यात न ओतता नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे द्यावे.

शेवटी एक सूचना. दोन्ही ऑइलचा ग्रेड, वर्ग, तारीख आणि किलोमीटर बिलावर लिहावे आणि तेच एका कार्डावर लिहून इंजिनजवळ बांधावे. या कार्डाला खर्च नाही. पण पुढच्या मिस्त्रीचा अंदाज चुकत नाही, आणि आपण सचोटीने काम केले याची साक्ष ग्राहकाजवळ राहते. छोट्या धंद्यात यापेक्षा मोठे भांडवल नाही.