आजार झाकू नये

वृद्धाचा स्मृतिभ्रंश घरच्यांनी लज्जेपोटी झाकून ठेवला, म्हणजे त्याचा खुलासा गाव आपल्या परीने करू लागते. आणि आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यमय मुलखात तो खुलासा किती घातक ठरू शकतो, हे मी जवळून पाहिले आहे. माझे थोरले मामा मूल तालुक्यात पटवारी होते. साऱ्या साझ्याचे दप्तर ज्यांना मुखोद्गत, ते उतारवयात एकच प्रश्न घटकेघटकेला विचारू लागले आणि स्वतः ठेवलेले पैसे सापडेनात म्हणून सुनेवर चोरीचा आळ घेऊ लागले. घराने मौन धरले. गावात मात्र ‘बुढ्याले कोनं तरी करनी केली’ अशी वदंता उठली, आणि शेजारच्या एका निराधार विधवेकडे बोटे वळली.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे ऑगस्ट २०२१ मध्ये भानामतीच्या संशयावरून वृद्ध आणि स्त्रिया यांनाही खांबांना बांधून मारहाण झाली. एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे मे २०२४ मध्ये अशाच संशयाने दोघांना जिवंत जाळण्यात आले. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून अंमलात आहे. परंतु संशय उत्पन्नच होऊ नये, ही तजवीज कायद्याआधी कुटुंबाने करावयाची असते.

मामांचा आजार मेंदूचा आहे, असे वैद्यकीय तपासणीनंतर मामीने चावडीवर उघड सांगितले, तेव्हा ती वदंता ओसरली आणि वाट चुकलेल्या मामांना गुराखीच घरी पोचवू लागले.

म्हणून माझे सांगणे असे. विस्मरण वाढून नित्य व्यवहार बिघडू लागले, तर ते वार्धक्याचे प्राक्तन न मानता रुग्णास जिल्हा सामान्य रुग्णालयात न्यावे. कारण थायरॉइडची न्यूनता, बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, डोक्यास लागलेला मार किंवा नैराश्य यांनीही स्मृती ढळते आणि हे विकार बहुधा उपचाराने सुधारतात. निदान झाल्यावर पोलीस पाटील, आशाताई आणि शेजारी यांना ते स्पष्ट शब्दांत कळवावे. रुग्णाच्या खिशात नाव, गाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. मोहफुलांच्या हंगामात जुन्या सवयीने पहाटे जंगलाकडे निघालेल्या वृद्धास वाघाचे भय असते, तेव्हा त्याच्यासोबत कोणीतरी असावेच. त्याने घेतलेल्या आळाचा चारचौघांत प्रतिवाद करू नये, हरवलेली वस्तू त्याच्यासह शोधावी. त्याला खाटेस बांधू नये. अर्थ न समजता कोणत्याही कागदावर त्याचा अंगठा घेऊ नये. शुश्रूषा करणाऱ्या सुनेला विसावा मिळावा म्हणून घरातील पुरुषांनीही पाळी घ्यावी. मार्गदर्शनासाठी टेलि-मानसचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे क्रमांक उपलब्ध आहेत.

वरोऱ्याजवळ १९४९ साली बाबा आमट्यांनी आनंदवन उभारले, त्या काळी कुष्ठरोग्याची सावलीही लोक टाळीत. त्याच चंद्रपूर जिल्ह्याने पुढे त्या रोग्यांच्या श्रमाचा गौरव केला. स्मृती गमावलेल्या माणसालाही तोच न्याय मिळावा, आणि त्याचा आरंभ त्याच्या आजाराचे नाव निःसंकोच उच्चारण्यापासून व्हावा.